निरोप घ्यायचा राहिला

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. शिकायलासुद्धा बेताचेच गेले होते. पण सिक्युरिटी कंपनीत नवा गार्ड लागला, की टोपी कशी घालायची इथपासून आग लागली तर कुठल्या जिन्यानं माणसं उतरवायची इथपर्यंत सगळं त्याला हेच समजावून सांगायचे. कुणीतरी एकदा 'मास्तर' म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी सूनसुद्धा शेजारणीशी बोलताना 'आमचे मास्तर' म्हणायची.

चौदा वर्षं त्यांची ड्यूटी एकाच दारावर होती, सार्वजनिक ग्रंथालयाच्या. तीन पायऱ्या, दोन झडपांचं जड दार, आत शिरल्यावर डाव्या हाताला टेबल, टेबलावर रजिस्टर आणि मागे पिशव्या ठेवायचं कप्प्याकप्प्यांचं कपाट. उभं राहून राहून मास्तरांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, मास्तरांनी दोनदा मान हलवली आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. शेवटी कंपनीच्या साहेबांनीच बोलावून घेतलं.

"मास्तर, पुरे झालं आता. पुढच्या महिन्यापासून तुम्ही ट्रेनिंग रूमला. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, समोर नवी भरती. आजवर हौसेनं शिकवलंत, आता हुद्द्यानं शिकवा. तेवढी तुमच्या जागेवर एक मुलगी येतेय, तिला महिनाभर तयार करा म्हणजे झालं."

बरोबरच्या गार्डांनी पाठ थोपटली. मास्तरही हसले. पण घरी जाताना त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. अकराच्या बाईंना हे सांगायचं कसं?

सोमवारी ती मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल, आधी कापडदुकानात काउंटरला होती. युनिफॉर्म नवा, बूट नवे आणि अंगात पारा भरलेला. दाराच्या या झडपेपासून त्या झडपेपर्यंत तिच्या दहा फेऱ्या झाल्या, तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय गं, पायाला भिंगरी बांधून आलीस की काय?"

"उभं राहिलं की मला झोप येते, मास्तर."

"मग तुला उभं राहायलाच शिकवायला पाहिजे आधी."

त्या दिवसापासून तीही 'भिंगरी' झाली.

मास्तरांनी तिला उभं राहायला शिकवलं. एका पायावर भार, मग दुसऱ्यावर, पण बघणाऱ्याला कळता कामा नये. भिंतीला टेकायचं नाही. माणूस आला की आधी त्याचे हात बघायचे, मग चेहरा. पिशवी त्याची त्यानं उघडायची, आपला हात पिशवीत जाता कामा नये. दर महिन्याला आग विझवायचा लाल सिलिंडर उचलून बघायचा, तारीख तपासायची, मागच्या दाराची कडी सरकवून बघायची. संध्याकाळी जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले का, ते रजिस्टरवरून मोजायचं. "नाहीतर काय होतं माहितीये? एकदा एक वकील आतच झोपला होता. कुलूप लावलं आणि आतून हाका. सकाळपर्यंत राहिला असता बिचारा, आणि मग आपल्यावरच केस घातली असती."

भिंगरी खळखळून हसली. मग मास्तरांनी आवाज बदलला. कुणाला शिकवताना ते इथे नेहमीच आवाज बदलायचे.

"आता तीन गोष्टी, त्या मात्र हसण्यावारी न्यायच्या नाहीत. एक, रजिस्टर आपलं नाही. लोकांनी विश्वासानं नाव-नंबर लिहिलेला असतो, त्यातलं अक्षर आपल्या कामासाठी वापरायचं नाही. दोन, वाचक असो की स्टाफ, कुणाचीही माहिती कुणाला द्यायची नाही. कोण कुठे राहतं, कोण कुठे गेलं, तोंडाला कुलूप. आणि तीन, ओळख वाढवायची नाही. चेहरा ओळखायचा, माणूस नाही."

"चौदा वर्षांत तुमची इथे कुणाशीच ओळख झाली नाही?" भिंगरीनं डोळे मोठे केले.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होते. "समोर बघ," ते म्हणाले.

अकराच्या बाई बरोबर अकराला आल्या. हे नाव मास्तरांनी मनातल्या मनात ठेवलेलं. खरं नाव रजिस्टरमध्ये रोज त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलं जायचं, पण नियमाप्रमाणे त्यांनी ते कधी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. साठीच्या आसपासच्या, करड्या स्वेटरातल्या, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी न सांगता उघडून धरायच्या आणि म्हणायच्या, "नेहमीचंच." मास्तर म्हणायचे, "बरं." बाई सही करून आत जायच्या आणि दीडला बाहेर यायच्या.

खरी गंमत असायची ती दीडला. फार वर्षांपूर्वी एकदा बाहेर पडताना बाई स्वतःशीच पुटपुटल्या होत्या, "गेला शेवटी घर सोडून." मास्तर दचकले. "कोण गेलं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या. "अहो, पुस्तकातला घड्याळजी." दुसऱ्या दिवशी दीडला त्या आपणहून थांबल्या. "त्याच्या बायकोनं दुकान उघडलं आज." तिसऱ्या दिवशी, "पहिलंच गिऱ्हाईक आलं, पण तिला किल्ली कुठे घालायची तेच कळेना."

तेव्हापासून रोज एक वाक्य. त्याहून जास्त नाही, कमी नाही. कादंबऱ्या संपत गेल्या, नव्या सुरू झाल्या. मास्तरांनी जन्मात एक पुस्तक धड वाचलं नव्हतं, पण असल्या पंधरा-वीस कादंबऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या, रोजच्या एकेका वाक्यानं ऐकलेल्या. बायको गेली त्या वर्षी ते आठ दिवस रजेवर होते. परत आले त्या दिवशी बाईंनी काही विचारलं नाही. दीडला मात्र त्या एकाच्या जागी आठ वाक्यं सांगून गेल्या, राहिलेली सगळी. मास्तरांना त्या आठवड्यात पुष्कळ लोक भेटायला आले होते, पुष्कळ बोलले होते. त्यांतलं एकही वाक्य त्यांना आता आठवत नव्हतं. ही आठ आठवत होती.

आत्ता चाललेली गोष्ट एका नावाड्याची होती. त्याची बहीण लहानपणीच घरातून निघून गेलेली, आणि आता इतक्या वर्षांनी परत येऊ बघत होती.

त्या सोमवारी दीडला बाई म्हणाल्या, "बहीण नदीपर्यंत आली, पण नाव पलीकडच्या काठाला आहे."

"अरेरे," मास्तर म्हणाले.

बाई पायऱ्या उतरून गेल्यावर भिंगरीनं विचारलं, "कुणाची बहीण?"

"कामाकडे लक्ष दे."

महिनाभर मास्तर रोज ठरवायचे, की आज सांगू. 'माझी बदली झालीय.' एवढंच तर म्हणायचं होतं. पण अकराला बाई पिशवी उघडायच्या तेव्हा मागे कुणीतरी उभं असायचं, आणि दीडला बाई त्यांचं वाक्य सांगायच्या तेव्हा त्यावर स्वतःचं वाक्य चढवणं मास्तरांना बरं वाटेना. आज नको, उद्या. उद्याचा परवा झाला. शेवटी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की शेवटच्या दिवशीच सांगायचं. शुक्रवारी. काय बोलायचं तेही चार दिवस घोकून ठेवलं: "सोमवारपासून मी इथे नसेन. तुमच्या गोष्टींची फार सवय झाली होती." दुसरं वाक्य बोलायचं की नाही, ते तेवढं ठरत नव्हतं.

गुरुवारी बाई म्हणाल्या, "बहीण दारात येऊन उभी राहिली. दार अजून कुणी उघडलेलं नाही."

आणि शुक्रवारी बाई आल्याच नाहीत.

अकरा वाजले, साडेअकरा, बारा. मास्तर दारातून हलले नाहीत. पाण्यालासुद्धा गेले नाहीत. दीड वाजून गेला. संध्याकाळी ग्रंथपालांनी चहा मागवला, दोन शब्द बोलले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा भिंगरीच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून वळून पाहिलं. ती दारात उभी होती, अगदी सरळ, न हलता. पोरगी तयार झाली होती.

ट्रेनिंग रूम तिसऱ्या मजल्यावर होती. खुर्ची होती, पंखा होता, समोर बारा नवे चेहरे होते. मास्तर चांगलं शिकवायचे. वकिलाचा किस्सा सांगितला की वर्ग हसायचा, तीन नियम सांगितले की वर्ग गंभीर व्हायचा. फक्त रोज अकराच्या सुमारास मास्तरांचं वाक्य मधेच तुटायचं. खडू हातात तसाच राहायचा. एखादा पुढचा आठवण करून द्यायचा, "सर, मागच्या दाराची कडी..." आणि मास्तर पुन्हा कडीवर यायचे. दीडला जेवणाची सुट्टी व्हायची. डबा उघडून बसले, की त्यांचे कान दाराकडे लागायचे.

संध्याकाळी ते भिंगरीला फोन करायचे. नव्या गार्डची चौकशी करायची म्हणून, दुसरं काय!

"रजिस्टर नीट भरतेस ना?"

"हो मास्तर."

"सिलिंडर बघितलास?"

"परवाच बघितला. महिन्यातून एकदा बघायचा असतो, तुम्हीच सांगितलंय."

"बरोबर, बरोबर. आणि सकाळी गर्दी असते का? म्हणजे... अकराच्या सुमाराला?"

"अकराला कुठली गर्दी, मास्तर? पेपर वाचणारे सगळे नऊलाच येतात."

यापुढे काय विचारावं ते मास्तरांना सुचायचं नाही. नाव घेऊन विचारलं तर स्वतःचाच दुसरा नियम मोडत होता, आणि न घेता विचारलं तर भिंगरीला कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर सून म्हणायची, "बाबा, त्या पोरीला जरा सुखानं नोकरी करू द्या."

तीन आठवड्यांनी भिंगरी स्वतःच ट्रेनिंग रूमला आली. तिला युनिफॉर्मचा दुसरा जोड घ्यायचा होता. वर्ग चालूच होता. मास्तरांनी कौतुकानं तिला पुढे बोलावलं. "ही बघा. दोन महिन्यांपूर्वी हिला दोन मिनिटं उभं राहता येत नव्हतं. सांग गं यांना, दारावर काय काय होतं ते."

भिंगरीला बोलायला सांगणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. तिनं टोपी सारखी केली आणि सुरुवात केली.

"मागच्या आठवड्याचीच गोष्ट सांगते. एक बाई आल्या. म्हणाल्या, आधी इथे असायचे ते कुठे गेले? मी म्हटलं, स्टाफची माहिती देता येत नाही. गेल्या. दुसऱ्या दिवशी परत. म्हणाल्या, नाव तरी सांगा त्यांचं, इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं. मी म्हटलं, नाही सांगता येत. तिसऱ्या दिवशी परत! म्हणाल्या, एवढंच सांगा, बरे आहेत ना ते? आता खरं सांगते, त्यांचा चेहरा बघून माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तरांचा नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, बाई, माफ करा, परवानगी नाही. आणि एक अक्षर बोलले नाही!"

बारा जणांचा वर्ग तिच्याकडे आदरानं बघत होता. भिंगरी मास्तरांकडे बघत होती, शाबासकीसाठी.

गुरूची विद्या गुरूलाच फळली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणाच्या नावानं? मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"शाब्बास," ते म्हणाले.

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सुट्टी झाल्यावर मास्तर तिच्या मागोमाग जिन्यात आले. "त्या बाई... पुन्हा कधी येणार, काही म्हणाल्या?"

"नाही येणार. कार्ड परत करून गेल्या. लेकीकडे राहायला चालल्यात, दुसऱ्या गावाला." बोलता बोलता भिंगरी थांबली. तिनं आधी मास्तरांचे हात बघितले, शिकवल्याप्रमाणे, आणि मग चेहरा. "मास्तर... त्या नदीवाल्या बहिणीच्या बाई? ते करडं स्वेटर?"

मास्तरांनी मान हलवली.

"तिन्ही दिवस स्वेटर नव्हतं हो, डोक्याला स्कार्फ होता, काळा चष्मा होता. माझ्या ध्यानातच आलं नाही!" भिंगरीनं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणूनच तुम्ही अकराची गर्दी... अरे देवा! मी आणते नंबर. रजिस्टरमध्ये आहे ना! दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नंबर मला पाठ आहे, पोरी."

भिंगरीनं कपाळावरचा हात खाली घेतला.

"चौदा वर्षं रोज माझ्यासमोर लिहायच्या. पाठ होणारच. पण तो त्यांनी रजिस्टरला दिलाय, मला नाही."

"मग मी चुकले का, मास्तर?"

"तू कुठे चुकलीस? तू शिकवलं तसं वागलीस. शिकवण्यातच एक गोष्ट राहिली." मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले, पहिल्यांदाच, युनिफॉर्ममध्ये. "माहिती द्यायची नाही, हे सांगितलं. पण माणूस तीनदा परत आला तर त्याला विचारायचं, काही निरोप ठेवायचाय का? निरोप घ्यायला कुठला नियम आड येतो? मीच कधी घेतला नाही, तर तुला कुठून शिकवणार!"

भिंगरी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. मग भिंगरी हळूच म्हणाली, "त्यांचं अक्षर मात्र फार मोठं होतं. एकटीची सही दोन ओळी खायची. मला वाटायचं, रजिस्टर वाया घालवतात."

मास्तरांनी मान वर केली. महिनाभर भिंगरीला शिकवण्याच्या नादात त्यांचं रजिस्टरकडे लक्षच गेलं नव्हतं. पहिल्यांदा हात बघायचे, असं जगाला सांगत होते. बाई पेन टेकवायला जागा चाचपडायच्या, हे त्यांना आत्ता, तीन आठवड्यांनी दिसलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी फळ्यावर तीन नियमांच्या खाली चौथा लिहिला: निरोप घ्यावा. एकानं विचारलं, "सर, हे मॅन्युअलमध्ये नाहीये." मास्तर म्हणाले, "मग मॅन्युअलमध्ये लिहून घ्या."

शनिवारी ट्रेनिंग रूम बंद असायची. मास्तर साधा शर्ट घालून ग्रंथालयात गेले. भिंगरीनं त्यांना पिशवी उघडायला लावली, सही करायला लावली आणि नियमात बसेल एवढंच हसली. पिशव्यांच्या कपाटापलीकडे मास्तर वाचक म्हणून कधी गेले नव्हते. वाचनाच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल होतं. त्याची एक खुर्ची किंचित तिरकी ओढलेली होती. ती बाईंची असावी असं वाटून ते तिथे बसले नाहीत. बाजूच्या खुर्चीवर बसले.

ग्रंथपाल भला माणूस होता. मास्तरांनी फार फोड करून सांगितलं नाही, त्यानंही फार खोदून विचारलं नाही.

"पत्ता मी तुम्हाला देऊ शकत नाही, मास्तर."

"मागतही नाही. मी पत्र दिलं तर तुम्ही पाठवाल का? उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांचं."

"ते करता येईल," ग्रंथपाल म्हणाला.

पत्र लिहायला मास्तरांना एक आठवडा लागला. रोज संध्याकाळी कामावरून आले, की खिडकीपाशी वही घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी तीन पानं भरली, आणि वाचून बघितल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग खोडत गेले. खोडता खोडता एवढंच उरलं:

'मी ग्रंथालयाच्या दारावरचा गार्ड. माझी ट्रेनिंग रूमला बदली झाली. मी बरा आहे. तुम्ही विचारलंत, पण तुम्हाला सांगितलं गेलं नाही. त्यात त्या मुलीची चूक नाही, तिला मीच तसं शिकवलं होतं. शेवटच्या शुक्रवारी तुमची वाट बघितली. बहीण दारात उभी आहे, तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. कळवता आलं तर कळवा. तुमची प्रकृती कशी आहे, तेही.'

खाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, फॉर्मवर लिहितात तसं, आणि त्याखाली घरचा पत्ता.

मग वाट बघणं सुरू झालं. मास्तरांना वाट बघायची सवय होती. दारावरची नोकरी म्हणजे दुसरं काय असतं? पण तिथे माणसं येत-जात राहतात, मन रमतं. इथे एक पत्रपेटी होती आणि तिच्यात जाहिरातींचे कागद पडायचे. पहिली बॅच गेली, दुसरी आली. भिंगरी अधूनमधून फोन करायची, आणि आता काय विचारायचं तेही तिला नेमकं कळत होतं. "अजून काही नाही ना?" "नाही." "येईल हो." अकराला खडू अजूनही थांबायचा. एकदा तर मास्तरांनी स्वतःच त्या बहिणीसाठी दार उघडून बघितलं, मनातल्या मनात. पण आत कोण असेल ते त्यांना दिसेना.

सात आठवड्यांनी सूनबाईनं एक पाकीट समोर ठेवलं. "बाबा, तुम्हाला कुणाचं पत्र? तेही हातानं लिहिलेलं?"

अक्षर बाईंचं नव्हतं. गोल, शाळकरी, निळ्या शाईतलं. मास्तर पाकीट घेऊन खिडकीपाशी गेले.

'हे पत्र माझी नात लिहिते आहे. तिचं अक्षर चांगलं आहे, पण कान तिखट आहेत, म्हणून बेताचंच सांगते.

'तुमचं पत्र तिनंच वाचून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा वाच म्हणायला मला संकोच वाटला.

'त्या शुक्रवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. एक डोळा आता गेलाच. ऑपरेशननंतर दुसऱ्यानं मोठं काही लिहिलेलं असलं तर दिसतं, दुकानांच्या पाट्या वगैरे. लेक एकटीला राहू देईना, म्हणून इकडे आले. सगळे माझी चांगली काळजी घेतात. (हे नातीनं आपणहून लिहिलं आहे, पण खरंच आहे.)

'बहिणीचं तुम्ही विचारलंत. पुढे काय झालं, ते मलाही माहीत नाही. शेवटचे दोन महिने मला पुस्तक वाचता येत नव्हतं. उघडून समोर ठेवायची आणि बसायची. नदी, नाव, दार, हे सगळं मीच रचलं. दीड वाजेपर्यंत एक तरी वाक्य जुळायला हवं, एवढीच घाई असायची. तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे.

'नात विचारते आहे, कुठली बहीण? तिला नंतर सांगेन.

'तुमचं नाव आवडलं.'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, त्यांना कुणाचा संकोच नव्हता. दोन महिने. बाईंना घरी बसता आलं असतं. कार्ड तेव्हाच परत करता आलं असतं. त्याऐवजी त्या रोज पायऱ्या चाचपडत अकराला येत होत्या, न दिसणाऱ्या पानासमोर अडीच तास बसत होत्या, आणि दाराशी येऊन एक वाक्य त्यांच्या हातावर ठेवून जात होत्या. आणि ते म्हणत होते, 'अरेरे.' म्हणत होते, 'बरं.'

स्वयंपाकघरातून सूनबाईनं हाक मारली, तेव्हा त्यांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर ते कागदाच्या दुकानात गेले. चित्रकलेचे मोठाले कागद घेतले, आणि दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात जाड लिहिणारं काळं पेन द्या." शनिवारी सकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीतलं टेबल रिकामं केलं आणि कागद पसरला. पहिला कागद वाया गेला. शेवटच्या शब्दाला जागाच उरली नाही. दुसऱ्या कागदावर त्यांनी आधी पेन्सिलीनं अंदाज घेतला आणि मग एकेक अक्षर वितीएवढं काढलं.

"बाबा, दुकानाची पाटी रंगवताय?" सून दारात उभी राहून बघत होती.

"पत्र लिहितोय."

ती जवळ आली, तो कागद तिनं वाचला. त्यावर लिहिलं होतं: 'हे तुम्ही स्वतः वाचा.' तिनं चहाचे कप उचलले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा सटकणारा कागद हातानं दाबून धरला आणि म्हणाली, "लिहा तुम्ही. मी इकडे बघत नाही."

मास्तरांनी दुपारपर्यंत आणखी सात कागद लिहिले. प्रत्येकावर एकच वाक्य. ती सात वाक्यं त्यांनी कुणालाच दाखवली नाहीत, सुनेनंही बघितली नाहीत. शाई वाळल्यावर त्यांनी ते सगळे गुंडाळले, वरून दोन ठिकाणी दोरी बांधली. बाईंनी पाकिटाच्या मागे पत्ता लिहवून घेतला होता, या वेळी ग्रंथपालाची गरज नव्हती.

टपाल कचेरीत खिडकीमागच्या माणसानं ती सुरळी हातात घेऊन वजन बघितलं. "काय आहे यात? नकाशा?"

"पत्र आहे," मास्तर म्हणाले.

"एवढं मोठं?"

"हो," मास्तर म्हणाले. "जरा उशीर झाला लिहायला."

त्या माणसानं शिक्का मारला आणि सुरळी मागच्या टोपलीत उभी करून ठेवली. टोपलीच्या बाहेर तिचं अर्धं अंग दिसत होतं. मागे रांग लागली होती, तरी मास्तर घटकाभर तिथेच उभे राहिले, एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्यावर.